भोंग्याचा पत्ता

नऊ दिवस उलटले तरी त्या खोलीतला वास गेला नव्हता. नाकात टोचणारा, डोळ्यांत चुरचुरणारा अमोनियाचा वास. मुलगी उंबऱ्याशीच थबकली. इथेच तिचे बाबा पालथे सापडले होते. हात दाराबाहेर, बाकीचा देह आत.

शीतगृहाच्या कंट्रोल रूममध्ये ते बावीस वर्षं ऑपरेटर होते. गॅस गळला की ऑपरेटरने संगणकाशेजारचं लाल बटण दाबायचं, मग भोंगा वाजतो आणि मुखवटे घातलेली माणसं धावत येतात. त्या सकाळी भोंगा वाजलाच नाही. चौकशी अधिकाऱ्यांनी अहवालात लिहिलं होतं : ऑपरेटर कामावर असताना झोपला होता. आज चार वाजता त्यावर सही व्हायची होती. आता दोन वाजले होते.

"पोरी, आत ये," टेलिफोनबाई म्हणाल्या. "भिंतीला धरून उभी राहा हवं तर."

तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यावर बाई आता खाजगी तपास करीत. मुलीनेच त्यांना बोलावलं होतं. बरोबर एक निवृत्त हवालदार असत. बाईंच्या दोन पावलं मागून आणि चार विचार मागून चालायची त्यांना सवय होती.

आधी संगणकवाल्याला बोलावलं. तो घाईत होता.

"भोंगा ठणठणीत आहे, मॅडम. माझ्या लॅपटॉपवरून वाजवून दाखवला सगळ्यांना."

"आणि या संगणकावरून?"

"याला सील होतं. पण हा नुसत्या नावाने हाक मारतो, 'भोंगा' म्हणून. कुठल्या नावाचा पत्ता काय, ते सर्व्हर सांगतो. मी सर्व्हरला विचारलं. उत्तर चोख आलं, एक्केचाळीस. भोंग्याचा खरा पत्ता तोच."

"बटण किती वेळा दाबलं, त्याची नोंद?"

"एवढं हुशार नाही हे. निरोप पोहोचला की पडद्यावर हिरवा दिवा, नाही पोहोचला की लाल. बस."

"पत्ते कोण ठरवतं?"

"मीच. गेल्या महिन्याच्या पाच तारखेला सगळ्या यंत्रांना नवे दिले, वर चिकटपट्टीवर लिहूनही ठेवले. यादी एक माझ्याकडे, एक मॅनेजरसाहेबांकडे."

"त्यानंतर काही तक्रार आली?"

तो हसला. "साहेबांचा माऊस अडकला तरी मला फोन असतो. पण गेल्या पंधरा दिवसांत एकही नाही. म्हटलं, सुटलो!"

हवालदार बाईंच्या कानाशी वाकले. "भोंगा चांगला, पत्ता चांगला. मग राहिलं कोण?"

मुलीने ते ऐकलं. राहिले बाबाच.

मॅनेजर केबिनमध्ये बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पातळ आवाज.

"गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. पण जरा वास आला की यांनी दाबलंच बटण. गेल्या महिन्यात पाच तारखेनंतर तीनदा! दरवेळी दीडशे माणसं बाहेर, दारं सताड उघडी, आत माल घाम सोडतोय."

"तिन्ही वेळा भोंगा वाजला?"

"कानठळ्या बसल्या."

"त्या संगणकाचा पासवर्ड कुणाकडे?"

"त्यांच्याकडे आणि माझ्याकडे. पण मी कशाला हात लावू? दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो संगणक तेच सांभाळायचे."

केबिनच्या दाराशी टायपिस्टबाईंचं टेबल होतं. शेजारच्या प्रिंटरवर चिकटपट्टी होती : ५५.

"हा मेला प्रिंटर!" मुलीला बसायला खुर्ची देत त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळी कुणी न सांगता कागद ओकला. एक ओळ, बाकी कोरा. मी साहेबांना दाखवला. म्हणाले, बिघडलाय, टाकून द्या. मग दुसरा, मग तिसरा. मी कशाला टाकू? पाठकोरे आहेत, निरोप लिहायला होतात."

"ते कागद आहेत अजून?" बाईंनी सहज विचारलं.

"असतील की खणात."

साडेतीनला बाईंनी सगळ्यांना कंट्रोल रूममध्ये जमवलं. अधिकाऱ्यांनी सील तोडलं, मॅनेजरांनी पासवर्ड घातला. संगणकवाल्याने बाईंच्या सांगण्यावरून एक छोटी फाईल उघडली. तिच्यात एकच ओळ होती : भोंगा, पंचावन्न. फाईलवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची.

"घ्या!" मॅनेजर म्हणाले. "यांच्याच काळातली. स्वतःच करून ठेवलं आणि स्वतःच..."

मुलीने फाईलवरची तारीख पुन्हा वाचली. बाबांनी स्वतःच?

"आमच्या एक्स्चेंजमध्ये," टेलिफोनबाई शांतपणे म्हणाल्या, "नंबर विचारला की आम्ही मोठी डिरेक्टरी बघायचो. पण टेबलावर स्वतःची चिठ्ठी चिकटवलेली असली, तर आधी चिठ्ठी. डिरेक्टरी उघडायचीच नाही. संगणकही तसाच. ही फाईल म्हणजे त्याची चिठ्ठी. सर्व्हरला विचारून खरा पत्ता मिळाला, कारण चिठ्ठी फक्त इथे होती."

"पण ती दोन वर्षांपूर्वीची आहे ना, बाई?" हवालदार म्हणाले.

"मग गेल्या महिन्यात भोंगा तीनदा वाजला कसा? आणि पंचावन्न हा पत्ता जन्माला आला गेल्या महिन्याच्या पाच तारखेला. दोन वर्षांपूर्वी तो कुणाला ठाऊक असणार? संगणकाचं घड्याळ मागे नेऊन ही ओळ लिहिली, कधी सापडलीच तर बालंट ऑपरेटरवर यावं म्हणून. नुसता कुठलाही खोटा पत्ता लिहून चाललं नसतं, दिवा लाल झाला असता. हाकेला ओ देणारं कुणीतरी हवं होतं. पंचावन्न नंबरच्या प्रिंटरने ओ दिली."

"यादी त्याच्याकडेही होती!" मॅनेजरांनी संगणकवाल्याकडे बोट केलं.

"होती. पासवर्ड नव्हता. आणि माऊस अडकला तरी फोन करणारे तुम्ही, प्रिंटर आपोआप कागद ओकतो तेव्हा गप्प बसता? तुम्हाला ठाऊक होतं ते काय आहे."

बाईंनी तीन कागद टेबलावर मांडले. मागे टायपिस्टबाईंच्या अक्षरात कुणाकुणाचे निरोप. पुढे एकेक छापील ओळ : धोका, कंट्रोल रूम. नऊ बावन्न. नऊ त्रेपन्न. नऊ सत्तावन्न.

टायपिस्टबाईंनी तोंडावर पदर घेतला. "अगं आई गं. मी वाचलंच नाही. पहिला तर मी साहेबांना दाखवलाही."

"ऑपरेटरसमोर हिरवा दिवा होता," बाई म्हणाल्या. "निरोप पोहोचला. माणसं येताहेत. म्हणून ते गॅसची झडप बंद करत इथेच थांबले, शीतगृहात दीडशे माणसं होती. पाच मिनिटं वाट पाहिली त्यांनी."

मॅनेजर खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते.

"मला वाटलं, नेहमीसारखंच खोटं असेल," ते म्हणाले. "एक दिवस शांतपणे काम व्हावं, एवढंच..."

हवालदार दारात जाऊन उभे राहिले. या वेळी त्यांना काही सांगावं लागलं नाही.

मुलगी तिसऱ्या कागदाकडे बघत होती. नऊ सत्तावन्न. मग ती दाराबाहेर आली आणि तिने घरी फोन लावला.

"आई, बाबा झोपले नव्हते. तीनदा बटण दाबलं त्यांनी."



"ते मला ठाऊकच होतं गं," आई म्हणाली. "अधिकाऱ्यांकडून लिहून घेतलंस का?"

मुलगी मागे वळली. अधिकाऱ्यांनी अहवाल पुढ्यात ओढला होता, पेनचं टोपण काढलं होतं.

"थांब," ती म्हणाली. "लिहून होईपर्यंत उभी राहते इथे."