मीरासाबभाईंच्या चपला

बसा, चहा घ्या. गेल्या आठवड्यातली गोष्ट आहे, आणि खरं सांगू? मला अजून भीतीपेक्षा संतापच जास्त येतो.

आमच्या प्रयोगशाळेत रेणू तपासायचं एक यंत्र होतं. त्याचा गाभा म्हणजे पुरुषभर उंचीचं लोहचुंबक, पोटात कडाक्याच्या थंडीचा द्रव हेलियम घेऊन उभं. त्याच्याजवळ लोखंड नेणं धोक्याचं. म्हणून आमचे तंत्रज्ञ मीरासाबभाई घड्याळ, पट्टा बाहेर ठेवत आणि बिनखिळ्याच्या कोल्हापुरी चपला घालूनच आत जात. चपला अशा करकरायच्या की भाई कुठे आहेत ते डोळे मिटून कळावं.

चुंबक म्हातारं झालं होतं. बदला, बदला, असं भाईंनी आणि मी संचालक उदयसिंह सरांना कितीदा सांगितलं. त्यांनी बदललं काय? छत! शोभेच्या छतासाठी वायू बाहेर सोडणारा पाईपच बुजवला. मग एके दिवशी सगळा हेलियम उकळून खोलीत भरला आणि भाई आत गुदमरून गेले. हेलियम गेला तशी चुंबकाची ओढही संपली. सरांनी चौकशीत सांगितलं, मीरासाबच खिशात पाना घेऊन गेला होता, त्यानेच चुंबक बिघडलं. पाना! जो माणूस टाचणीसुद्धा बाहेर काढून ठेवायचा!

सोमवारी भर दुपारी सर भंगारवाल्याला खोली दाखवायला आले. चुंबक गेलं की तिथे नवा हॉल होणार, छत कुणी उघडणार नाही, आणि भाईंच्या नावावरचा डाग कायमचा राहणार. दाराशी मी सवयीने घड्याळ काढलं. सर हसले.

"मेल्यालं चुंबक हाय ते, मॅडम. आता कशाला भ्यायचं?"

तेवढ्यात आतून आवाज आला. कर्र... कर्र...

भाई गेल्यापासून दाराजवळच्या फळीवर ठेवलेल्या त्यांच्या चपला आता तिथे नव्हत्या.

"कोन हाय रं आत?" म्हणत सर पुढे झाले. पाठोपाठ मीही गेले. खोलीत कुणी नव्हतं. थंडी मात्र हाडात शिरणारी. बघता बघता सरांच्या खिशातल्या किल्ल्या कापडासकट चुंबकाकडे ताणल्या गेल्या. सरांना श्वास घेता येईना, त्यांनी स्वतःचाच गळा धरला.

"मॅडम... दार उघडा..."

दार उघडंच होतं.

"पाईप... मीच बुजवाय लावलता... सोड की रं, मीरासाब..."

किल्ल्या खाली लोंबल्या. मी आणि भंगारवाल्याने त्यांना ओढून बाहेर आणलं. पाणी पिऊन हा माणूस काय म्हणाला असेल?

"साखर कमी झालती. मी काय बी बोललो न्हाय."

भंगारवाल्यानेही मान डोलावली. निर्लज्ज कुठले! संध्याकाळी चुंबक भंगारात जयसिंगपूरला गेलं.

भाई सरांच्या केबिनमध्ये जाताना मान म्हणून चपला दाराबाहेर काढायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तिथे दिसल्या. नीट जोडून काढलेल्या, पट्ट्यांवर हिमाचा पांढरा थर. दार आतून बंद. बऱ्याच वेळाने सर बाहेर आले, चेहरा राखेसारखा. सगळ्यांसमोर त्यांनी स्वतः छत उघडायला लावलं, पाईप दाखवला, सगळं कबूल केलं. भाईंच्या नावावरचा डाग पुसला गेला.

चपला मात्र अजून तिथेच आहेत. एवढ्या मे महिन्यात हिम वितळत नाही. काल शालूबाई झाडताना त्या उचलायला वाकल्या, तर आतून सर ओरडले.

"ऱ्हाऊ दे! पायताणाला हात लावू नका... त्यो अजून आतच हाय."