ब्याण्णव ग्रॅम सूप

विश्वास ठेवू नका. मीही ठेवला नसता. ज्याला ज्याला सांगितलं, त्याने मला वेड्यात काढलं.

पण हे घडलंय. शनिवार-रविवारी, भर दिवसा, एका फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात.

दुकान माझ्या चुलत भावाचं. सगळे त्याला गारठा म्हणतात. वहिनी अचानक गेली, तेव्हा लेकीला परदेशातून निघताही आलं नाही. मागे राहिलं ते वहिनीच्या हातचं शेवटचं भोपळ्याचं सूप. लेक फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी ठेवा. मी घेऊन जाईन."

फ्रिजचा काय भरवसा? वीज गेली की संपलं. म्हणून या पठ्ठ्याने स्वतःच फ्रीझ ड्रायर जोडला. जुना कॉम्प्रेसर, एसीच्या कामाचा व्हॅक्यूम पंप, जाड स्टीलचं पिंप, त्याला पारदर्शक दार. आतली हवा ओढली की गोठलेल्या सुपातला बर्फ पाणी न होताच उडून जातो. उरते भुकटी. ती वर्षानुवर्षं टिकते.

सुकलं हे कळायचं वजनावरून. पंप थांबवायचा, ट्रे तोलायचा, पुन्हा लावायचा. लागोपाठ दोनदा तेच वजन आलं की झालं.

शनिवारी दोनला ते आलं. ब्याण्णव ग्रॅम. लेकीला फोन गेला; ती परदेशातून निघालीच होती. हवाबंद पिशव्या सोमवारी मिळणार होत्या, म्हणून भुकटी आतच ठेवून त्याने पंप पुन्हा लावला.

संध्याकाळी सहा... शहाऐंशी.

सुकलेल्यातून आणखी काय जाणार?

रविवारी सकाळी... ऐंशी.

आकडे त्याने भिंतीवरच्या फळ्यावर लिहिले होते. खाडाखोड न करता.

अकराला तो लेकीला स्टेशनवरून घेऊन थेट दुकानात आला. पाठीवरची बॅगही न उतरवता ती म्हणाली, दाखवा.

पंप थांबला. ट्रे वजनकाट्यावर गेला.

चौऱ्याहत्तर.

लेकीने फळ्याकडे पाहिलं. मग बापाकडे.

तेव्हा त्याने सांगितलं. खालच्या आवाजात. काल दुपारी तो बाकावर डुलकी काढत होता. पंपाची घरघर चालू होती. आणि मध्येच...

टिक. टिक. टिक.

चव घेतली की वहिनी चमचा असाच भांड्याच्या काठावर आपटायची. त्याने डोळे उघडले. पंप चालू. दार वीतभर उघडं. आणि भुकटीत... चमच्याएवढा खड्डा.

लेक हसली नाही. ती याच दुकानात पाने-पकडी आवरत मोठी झाली होती.

"बाबा, पंप चालू असताना ते दार दहा जणांनी ओढलं तरी उघडत नाही. हवा बाहेरून दाबून धरते. खोटं बोलताय. तुम्हीच खाल्लंत."

गारठा बराच वेळ दाराची रबरी कड पुसत राहिला. मग कबूल झाला. काल एक चमचा, आज सकाळी एक. गरम पाण्यात कालवून. राहवलं नाही. चव तीच होती, अगदी तीच.

"दोन चमच्यांचे बारा ग्रॅम झाले," लेक म्हणाली. "आणि सकाळनंतरचे सहा?"

"सकाळनंतर मी इथे नव्हतो गं. शटरला कुलूप लावून तुला आणायला आलो होतो."



मग लेकीने ट्रे पुन्हा आत ठेवला. दार मात्र लावलं नाही.

ते अजून उघडंच आहे म्हणतात. मी बघायला गेलेलो नाही.