नवमीचं आमंत्रण

कोणाला हे खोटं वाटलं तर माझी तक्रार नाही. मलाही खोटं वाटलं असतं तर बरं झालं असतं.

हे माझ्या मित्राच्या, बाळच्या घरी घडलं. पुण्यात, कर्वेनगरला. गेल्या वर्षी पितृपक्षात, अविधवा नवमीला. आणि रात्री नाही... भर दुपारी. माझीही बायको गेलेली आहे, म्हणून त्याने मला सांगितलं. दुसरं कोणी हसलं असतं.

बाळच्या बायकोला, श्यामलाला, जुन्या दफनभूम्या बघायचा नाद होता. राजस नावाचा एक मुलगा रविवारी लोकांना जुनी थडगी दाखवत फिरवायचा. श्यामला कधी चुकायची नाही.

"लोकांच्या बायका सारसबागेत जातात, आमची स्मशानात," बाळ म्हणायचा.

"अहो, आपण माणूस जाळतो, राख नदीत सोडतो," ती म्हणायची. "मग आठवण आली की जायचं कुठे? यांना निदान पत्ता तरी आहे."

ती गेली आणि तिच्या जागी बाळ जायला लागला.

कॅम्पाच्या बाजूच्या इंग्रजांच्या दफनभूमीत तिचं एक आवडतं थडगं होतं. एलिझा नावाची बाई. तरुणपणीच गेलेली, दगड नवऱ्याने बसवलेला. श्यामला त्यावरचा पाचोळा हाताने काढायची, दोन शब्द बोलायची. आता ते बाळ करायचा. घरापेक्षा त्याला तिथे बरं वाटायचं.

नवमीच्या आदल्या दिवशी तो तिथेच होता.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी नवमीला सवाष्ण जेवू घालतात. श्यामलाची ही पहिलीच नवमी. शेवटच्या आजारात तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. उपाशीच गेली म्हणा. म्हणून हे जेवण तिला पोचायलाच हवं होतं.

तेवढ्यात घरासमोरच्या शेजारणीचा, राधाताईंचा फोन आला.

"बाळराव, आमचे चुलतदीर गेले. सुतक आलं. उद्या मला जमायचं नाही."

आता ऐनवेळी सवाष्ण कुठून आणायची? मुलगी अपूर्वा, तिचं लग्न झालेलं नाही. नात्यातल्या बायका आपापल्या घरच्या नवमीत.

बाळने समोरच्या दगडाकडे पाहिलं. ही बाईसुद्धा नवऱ्याच्या आधीच गेलेली.

राधाताईंसाठी घेतलेली कुंकू-अक्षतांची पुडी खिशात होती. त्याने दगडाला कुंकू लावलं. चार अक्षता ठेवल्या.

"उद्या आमच्याकडे जेवायला या."

राजस बघत होता. "काका, तिला मराठी कळायचं नाही."

"श्यामला काय इंग्रजीत बोलायची तिच्याशी?"

दोघं हसले.

दुसऱ्या दिवशी बाळने पोळीभाजी केंद्रातून जेवण आणलं. खीर, वडे, अळूची भाजी. आमसुलाची चटणी मात्र स्वतः केली. श्यामलाला ती फार आवडायची. टेबलावर केळीचं पान मांडलं, वाढलं.

बेल वाजली नाही. दार बंदच होतं.

पण घरात ओल्या मातीचा वास आला...

त्याला वाटलं, खिडकीतून येत असेल. तो तूप आणायला आत गेला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

बाहेर आला तर खोलीत कोणी नव्हतं.

पान मात्र साफ होतं. खीर नाही, वडे नाहीत, भाजी नाही. फक्त चटणी... पानाच्या कडेला थुंकून टाकल्यासारखी.

मांजर म्हणावं तर खिडक्यांना जाळी. दाराची कडी आतून.

बाळ आधी घाबरला. मग त्याचे डोळे भरून आले. श्यामला जेवली.

पण चटणी?

संध्याकाळी राधाताई त्यांच्या दारातूनच म्हणाल्या, "मग, कोण जेवली सवाष्ण?"

बाळने सांगून टाकलं.

"बाळराव, जिवंत बाई जेवली की गेलेलीला पोचतं. गेलेलीच जेवून गेली, तर श्यामलाला काय पोचलं?"



राधाताई त्याच्या खांद्यावरून घरात बघत होत्या.

"अपूर्वा आली आहे का?"

"नाही, ती हिंजवडीला. का?"

"मग आत डबे कोण उघडतंय?"

तो आत धावला. मांडणीवरचा प्रत्येक डबा उघडा होता. झाकणं ओट्यावर. कशालाच हात लागलेला नव्हता. शोधलं होतं, पण घेता आलं नव्हतं... असं काहीतरी.

तेव्हापासून हे रोज चालू आहे. अपूर्वा म्हणाली, "बाबा, उंदीर असतील." पिंजरा लावला. रिकामाच राहिला.

बाळ रोज दुपारी दोन ताटं वाढतो. एक टेबलावर, एक ओट्यावर. टेबलावरचं संपतं. ओट्यावरचं तसंच राहतं. आणि डबे वाजत राहतात.

परवा मी त्याच्याकडे गेलो होतो. म्हटलं, "अरे, त्या दगडापाशी जाऊन सांग, बाई, आता येऊ नका."

"कोणाला सांगू?" बाळ म्हणाला. "टेबलापाशी कोण बसतं, आत कोण उभी असते, मला दिसत नाही. चटणी टाकते म्हणून ती एलिझा म्हणावं, तर शेवटी शेवटी श्यामलालाही आंबट सोसत नव्हतं."

तेवढ्यात आत झाकण पडलं... आणि त्याच क्षणी माझ्या शेजारची खुर्ची मागे सरकली.

मी उठून उभा राहिलो. बाळ जागचा हलला नाही.

"एकीला जा म्हणायचं आहे रे," तो हळूच म्हणाला. "पण मी जा म्हटलं, आणि श्यामलाच निघून गेली तर?"