शेपटाची चिठ्ठी

पहिल्या दिवशी, चढ सुरू व्हायच्याही आधी, तिच्या मागून आवाज आला, "ताई, शेवटच्या तुम्हीच ना?"

तिने सायकलच्या आरशात पाहिलं. बिस्किटाएवढ्या त्या काचेत एक हनुवटी मावली होती आणि पिवळ्या जाकिटाची कॉलर.

"ताई कुणाला म्हणता? तुमच्यापेक्षा लहानच असेन मी."

"मग काय म्हणू?"

"म्हणायला कशाला हवं काही? मी काय हरवतेय थोडीच!"

"तेच तर बघायचंय मला... मी शेपूट."

बारा जणांच्या त्या सायकल-दौऱ्यात सगळ्यात मागे राहणाऱ्याला शेपूट म्हणत; पिवळं जाकीट त्याचंच. नियम साधा होता. शेवटच्या माणसाच्या पुढे शेपटाने जायचं नाही. तो थांबला की थांबायचं, तो सायकल ढकलत निघाला की आपणही ढकलायची.

त्या दिवसापासून तो तिला 'अहो' म्हणू लागला. अहो, गियर हलका करा. अहो, पाणी प्या.

"पंचवीस वर्षांचा संसार झाल्यासारखं अहो-अहो काय चालवलंय?" ती एकदा म्हणाली. आरशात एक कान तेवढा लाल झालेला दिसला.

ती डोळे तपासायची. चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर परक्या माणसांच्या डोळ्यांत वीतभर अंतरावरून बघायची. वर बघा, खाली बघा, आता माझ्याकडे. एकदा एका भल्या गृहस्थाने त्या बघण्याचा भलताच अर्थ घेतला आणि चष्मा न्यायला येताना फुलं आणली. "माझं कामच आहे हो ते," तिने होईल तितक्या हळुवारपणे सांगितलं होतं. त्याचा उतरलेला चेहरा तिला हल्ली, भर रस्त्यात, सारखा आठवे. मागे राहणं हे याचंही कामच की! कामालाच माया समजून बसलो, तर फुलं घेऊन आलेल्या त्या गृहस्थाला हसायचा आपल्याला काय अधिकार?

खरं सांगायचं तर तिच्या पायांत चांगला जोर होता. दुसऱ्या दिवसापासून ती मुद्दामच रेंगाळत होती.

चौथ्या दिवशी शेवटचा चढ आला. बावीस किलोमीटर, नुसता वर आणि वर. ऊन पाठीवर बसलं होतं, डांबराचा वास नाकात जात होता, आणि वळण संपलं की दुसरं वळण दात काढून उभं. उद्या उतार, मग स्टेशन, मग बारा जण बारा वाटांना. आज कळलं नाही तर कधीच कळणार नव्हतं.

आणि नेमके आजच भूगोलाचे सर मागे पडले. निवृत्त शिक्षक, स्वभावाने गोड, पण पोटऱ्यांत गोळे आलेले. नियमाप्रमाणे शेपूट त्यांच्यामागे गेला. तिच्या आरशात आता फक्त रस्ता उरला. रस्ता इतका रिकामा असू शकतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

तिने वेग कमी केला. सर त्याहून हळू झाले. ती उतरून बुटाची नाडी बांधत बसली. सर आले आणि अदबीने थांबले.

"व्हा तुम्ही पुढे."

"नाही सर, आधी तुम्ही."

"छे छे, तुम्ही!"

शेवटचा नंबर यावा म्हणून आजवर कुणी एवढा घाम गाळला नसेल.

अखेर एका वळणावर सर दगडावर मटकन बसले. त्यांची पडलेली बाटली आणायला शेपूट खाली गेला होता.

"नशीब बघा," सर पोटरी चोळत म्हणाले, "आज शेपटाची चिठ्ठी माझी होती. शेपूटच बसलं असतं तर अख्खा प्राणी इथे अडकला असता!"

"चिठ्ठी? कसली चिठ्ठी?"

"तुम्ही पहिल्या दिवशी उशिरा आलात ना. रोज एकाने शेपूट व्हायचं, अशा चिठ्ठ्या टाकल्या होत्या. पण हा पठ्ठ्या रोज संध्याकाळी ज्याची असेल त्याच्याकडून मागून घेतो. परवा आपल्या कप्तानाच्या भावाची घेतली, काल डॉक्टरीणबाईंची. माझ्या चिठ्ठीसाठी तर माझी सायकल धुऊन दिली!"

"पण... का?"

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बाई, मी भूगोल शिकवला. हा विषय माझा नाही."

शेपूट बाटली घेऊन वर आला, मागोमाग सामानाची गाडी आली, तेव्हा सर सायकलीसकट तिच्यात चढले. "हरलो बुवा," ते खिडकीतून म्हणाले. "शेवटचा नंबर तुमचा."

उरलेला चढ दोघांनी पुढे-मागे चढला. माथा दहा पावलांवर असताना ती उतरली, आणि आरसा सोडून मागे वळली. चार दिवस आरशात तुकड्यातुकड्यांनी पाहिलेला तो चेहरा पहिल्यांदाच इतक्या जवळून सबंध समोर होता — धुळीने माखलेला, घाबरलेला.

"पहिल्या दिवशीची चिठ्ठी कुणाची होती?"

सर बोलून गेले, हे त्याला समजलं. "माझीच. खरीखुरी."

"आणि पुढच्या?"

"...मागितलेल्या."

"सगळ्यांकडे मागत फिरलात. मला एकदा विचारायचं नाही?"

"तुम्ही रोज मागे पडत होता. वाटलं, चढ झेपत नाही. दमलेल्या माणसाला काय विचारायचं..."

"मी दमले नव्हते."

तो बघत राहिला. "एकही दिवस?"

"पहिल्या दिवशी. थोडीशी."

वाऱ्याने तिची बट डोळ्यांवर आणली. दोघांनाही ती बाजूला करावीशी वाटली. कुणीच केली नाही.

"उद्याची चिठ्ठी कुणाची?" तिने विचारलं.

"तुमची. कप्तानाने तुमच्या नावाने काढली होती. आज संध्याकाळी मागायला येणारच होतो. देता?"

"नाही देणार." तिने हात पुढे केला. "जाकीट काढा. उद्यापर्यंत कोण थांबतंय?"

जाकीट तिला गुडघ्यांपर्यंत आलं. आत अजून त्याची ऊब होती. खिशात हात घातला तर घडी केलेल्या चार चिठ्ठ्या लागल्या. तिने त्या तिथेच राहू दिल्या. मग आपल्या सायकलचा आरसा सोडवून त्याच्या हातात ठेवला.

"हा लावा. आणि निघा आता. शेपटाने पुढे जायचं नसतं."

तो निघाला. दहा पावलांचंच अंतर, पण त्याने ते फार सावकाश कापलं. आरशात एक डोळा चमकला.

"अगं," पुढून आवाज आला, "येतेस ना?"

तिने पेडलवर पाय ठेवला. आता कान तिचे लाल झाले होते, आणि ते त्याला आरशात दिसत असणार.