भुसा भरलेला गिअरबॉक्स

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण त्या दुपारी मी गाडीत दादाच्या शेजारीच बसले होते. वेळ साडेतीनची. जागा, दवाखान्यासमोरचा चढ.

दादा सोफे दुरुस्त करतो. सामान न्यायला त्याने आमच्या सख्ख्या मामांकडून पंधरा वर्षं जुनी व्हॅन घेतली.

"गिअरबॉक्स उघडून बघू का?" घेताना दादाने विचारलं होतं.

"लोण्यासारखा आहे रे! घरच्याच माणसाच्या गळ्यात धोंड बांधेन का मी?"

चक्कर मात्र मामांनी सपाट रस्त्यावरच मारायला लावली.

त्या दुपारी अर्धा चढ चढलो आणि गिअर सुटला.

इंजिन नुसतंच ओरडत होतं. गाडी मागे घसरायला लागली. ब्रेक तोकडा पडला. मागे दवाखान्याचं फाटक... माणसं...

दादाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

आणि गिअरचा दांडा... आपोआप हलला.

खट्.

"क्लच सोड... हळू..."

मागून कोणीतरी म्हणालं. दमलेल्या, म्हाताऱ्या माणसाचा आवाज.

दादाने क्लच सोडला. गाडी मुकाट वर चढली.

मी मागे वळून पाहिलं. एक फाटका सोफा. बस्स.

मेकॅनिकने गिअरबॉक्स उघडला आणि आतलं तेल बोटावर घेऊन पाहिलं.

"पहिल्या गिअरला दातच उरले नाहीत. आवाज दाबायला तेलात लाकडाचा भुसा घातलाय कोणीतरी. ही गाडी तो चढ चढलीच कशी?"

आम्ही तडक मामांकडे गेलो. भुशाचं नाव काढताच त्यांनी आधी आमच्या मागे, व्हॅनकडे पाहिलं.

"तो... बोलला का काही?"

तो म्हणजे त्यांचा ड्रायव्हर. गिअर सुटतो म्हणून तीनदा सांगत आला होता. मामांनी त्यालाच सुनावलं होतं, "नाचता येईना, अंगण वाकडं!" चौथ्यांदा सांगायला तो उरला नाही. त्याच चढावर हीच गाडी मागे घसरली, आणि तो गेला.

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर घेतली असती का तुम्ही?"

गिअरबॉक्स अजून मेकॅनिककडेच पडलाय. ओढून आणलेली व्हॅन आमच्या दारात, चाकांना दगड लावून.

काल दुपारी ती दारात नव्हती...

वर, गल्लीच्या चढावर उभी होती. तोंड मामांच्या घराकडे. दगड मात्र दारातच, जागच्या जागी.

ढकलताना कोणी पाहिलं नाही.

"मामांना सांगूया ना?" मी विचारलं.

दादा गाडीकडेच बघत होता.

"त्यांनी आपल्याला सांगितलं होतं?"

आज सकाळी ती आणखी दोन घरं पुढे गेलीय.

फोन हातात घेऊन बसलेय... मामांना अजून लावलेला नाही.