चिखल झालेला घोडा

काचेच्या पेटीत घोडा नव्हता. तळाशी नुसता तांबूस चिखल होता.

संग्रहालयाच्या प्रमुख बाईंनी काचेला डोळे लावून पुन्हा पाहिलं. काल दुपारी शिरलेलं नदीचं पाणी आज सकाळी ओसरलं होतं. पूर आलाच तर आधी काय माडीवर न्यायचं, याची तालीम त्यांनी महिन्यापूर्वी कर्मचाऱ्यांकडून करून घेतली होती. पहिला मान या घोड्याचा. शेकडो वर्षं जमिनीत पुरलेला, भाजलेल्या मातीचा, तरीही अखंड. तो न्यायची जबाबदारी पहारेकरी तात्यांवर होती.

सगळ्यांनी तात्यांवर खापर फोडून हात झटकले. संध्याकाळी विश्वस्त येणार होते. निवृत्तीच्या तोंडावर म्हाताऱ्याची नोकरी जाणार, हे उघड होतं.

"तात्या, घोडा का नाही नेलात?"

"चुकलंच माझं, बाई."

"ते राहू द्या. आधी काय नेलंत?"

"मास्तरांची हत्यारांची पेटी. 'आधी ही न्या' म्हणाले. परत आलो तर छातीभर पाणी."

"हे बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही. आणि दुसऱ्याचं नाव कशाला घ्यायचं? घोडा माझ्याकडे होता."

मास्तर म्हणजे फुटक्या वस्तू सांधणारे संग्रहालयाचे कारागीर. बाई पुन्हा दालनात गेल्या. त्यांनी तो चिखल बोटांत चोळून पाहिला. मऊसूत. खालच्या फळीवरची भाजलेल्या मातीची भांडी मात्र गाळाने माखून, पण शाबूत उभी होती.

त्या तडक माडीवर गेल्या.

"मास्तर, पेटी उघडा."

"हत्यारं आहेत हो, बाई."

"उघडा."

मास्तरांचा चेहरा पडला.

"एकदा भाजलेली माती पाण्यात विरघळते का? भांडी टिकली आणि घोड्याचाच चिखल कसा झाला? खाली होती ती कच्च्या मातीची नक्कल. भाजायला बाहेरच्या भट्टीत दिली असती तर बोभाटा झाला असता, म्हणून नुसती वाळवून रंगवलीत. खरा या पेटीत मावतोय, म्हणजे तो फुटलाय. पण खरा तोच. म्हणून पूर आल्यावर तुम्ही आधी तोच वर पाठवलात."

झाकण उघडलं. कापसात घोड्याचे तुकडे होते.

"कधी फुटला?"

"तालमीत. तात्या रजेवर होते, मी उचलला होता. जिन्यात पाय सटकला. तुम्ही वर घड्याळ घेऊन 'चला, आवरा, आवरा' म्हणत होतात. वर कापड गुंडाळलेलं, कुणाला कळलं नाही. मग तुम्ही सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटलीत. तेव्हा तोंड उघडलं नाही, आणि नंतर धीरच झाला नाही."

बाईंना स्वतःचाच तो आवाज आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाई त्यांचीच होती.

"विश्वस्तांना तालमीचं मी सांगते," त्या म्हणाल्या. "तात्यांना तुम्ही सांगायचं. आत्ता."

तात्या जिन्यावरचा गाळ काढत होते. मास्तरांना पाहताच त्यांनी झाडू टाकला आणि हात जोडले. "मास्तर, माफ करा. तुम्ही एवढा जपलेला घोडा माझ्या हातून गेला."

मास्तरांनी अडखळत सगळं सांगितलं.

"म्हणजे घोडा बुडाला नाही?"

"नाही. फुटलाय."

"पण आहे ना?"

मास्तर रडू लागले. "तात्या, शिव्या तरी घाला मला."

"त्या घालणारच आहे," तात्या डोळे पुसत म्हणाले. "आधी घोडा दाखवा."