थोरली

जव्हारला नर्सिंगच्या मुलामुलींसाठी जर्मनचा वर्ग सुरू झाला, त्या सकाळी मोखाड्याच्या भरगच्च जीपमध्ये उमेश जयवंतीच्या शेजारी येऊन कोंबला गेला. दोघंही त्याच वर्गाला निघाली होती. तेव्हापासून ती रोज त्याच्यासाठी जागा धरायची – अर्थात, चुकून राहिल्यासारखी!

पण भावंडांचा धडा आला आणि सगळं बिनसलं. प्रमिला मॅडमनी बोलायला जोड्या लावल्या. उमेशच्या वाट्याला सपना आली.

“इश बिन डी युंग्स्टे,” सपना मान वेळावत म्हणाली. म्हणजे – मी सगळ्यांत धाकटी.

“ते दिसतंच आहे,” उमेश हसला. “लाडोबा!”

जयवंतीच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटी, म्हणे! पहाटे उठून तिघा भावंडांचं आवरून येणाऱ्या थोरलीला लाडोबा कोण म्हणणार? तेवढ्यात मॅडमनी तिलाच विचारलं, “जयवंती, तुला भावंडं किती?”

“आइन्त्सेलकिंड,” ती ठसक्यात म्हणाली. एकुलती एक!

उमेशनं चमकून मागं पाहिलं.

संध्याकाळी स्टँडवर ती मुद्दाम पाठ फिरवून उभी राहिली. तो आलाच.

“परवा खोडाळ्याच्या बाजारात तुझ्या कडेवर एक, अन् ओढणीला दोन लोंबत होती. ती कुणाची?”

“शेजाऱ्यांची!”

“नाक तर तिघांचं तुझंच होतं...”

तिला हसू आलं, ते तिनं दाबलं. “तुला काय करायचंय? जा की, तुझ्या त्या धाकटीकडं!”

“तिच्याशी माझं जमायचं कसं? मीसुद्धा घरातलं शेंडेफळ. दोघं रुसलो, तर समजूत कोण काढणार?”

“म्हणून थोरली पाहिजे होय?” तिचा आवाज कापला. “थोरलीची समजूत कुणी काढतं का कधी?”

उमेशची थट्टा कुठल्या कुठं गेली. तो हळूच म्हणाला, “मी काढतोय ना... इश माग... डेअर एल्टेस्टे.”

जयवंतीचे कान तापले. पण चूक काही तिला सोडवेना.

“डेअर म्हणजे थोरला. थोरली असेल तर डी म्हणायचं. तुला थोरला आवडतो का?”

“नाही गं! डी... डी एल्टेस्टे.” तो घुटमळला. “म्हणजे – तू.”

“मोखाडा, मोखाडा! दोनच सीट!” जीपवाला ओरडत होता.

उमेश लगबगीनं निघाला, तशी तिनं त्याची बाही धरली.

“दुसरीनं जाऊ,” ती म्हणाली. “आणि... परत म्हण की एकदा.”